फुवांचा गोठा

आमच्या फुवांनी शहाद्यातल्या एका पत्र्याच्या खोलीत बसून जगातल्या शास्त्रज्ञांना जेवढं काम करून दिलं, तेवढं आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांनी मिळून स्वतःच्या मतदारसंघाला करून दिलेलं नाही. हे वाक्य मी कुठल्याही चौकात, कुठल्याही लाऊडस्पीकरवरून म्हणायला तयार आहे. रस्ता, वीज, पाणी यांच्यासाठी पत्रकं लिहिण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं चालली आहेत, तेव्हा वाक्याच्या शेवटी दोन उद्गारचिन्हं टाकायची मला सवय आहे. इथे मी एकही टाकत नाही, कारण फुवांना ती आवडत नाहीत. माझं पत्रक ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून वाचायचे आणि विचारायचे, "एवढा राग कोनावर शे रे भो?" मी म्हणायचो, व्यवस्थेवर. "मंग व्यवस्थाले वाचाले दे ना. माले कसाले दमदाटी करस?"

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्या आमची फुई, म्हणून हे फुवा. बाकी गाव त्यांना आप्पा म्हणतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. उसाच्या बैलगाड्या रांगेत उभ्या आणि हे काट्याच्या खिडकीत. काट्यावर कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे घाबरून मागे सरले आणि फुवा पुढे गेले, एवढाच त्यांचा संगणकशिक्षणाचा इतिहास. पण त्या रांगांनी त्यांना एक आजार लावून दिला. गाडीला जुंपून नुसता उभा राहिलेला बैल त्यांच्याने बघवत नसे. पुढे हा आजार बैलापुरता राहिला नाही. कोणाच्या अंगणात मोटारसायकल महिनाभर उभी दिसली की फुवा दार वाजवून विचारणार, "ही आजारी शे का?" रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा दिसला तर ते त्या पंख्याखाली जाऊन बसणार, त्याचं फिरणं वाया जाऊ नये म्हणून, मग घर ओळखीचं असो नसो.

अशा माणसाला कोणीतरी सांगितलं की घराघरातले कॉम्प्युटर दिवसातला बहुतेक वेळ नुसते बसून असतात. झालं. शिवाय हेही सांगितलं की जगात काही शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्याजवळ डोंगराएवढे हिशेब आहेत आणि ते करायला पुरेशी यंत्रं नाहीत. म्हणून ते हिशेबाचे बारीक तुकडे पाडतात आणि ज्याला द्यायचा असेल त्याच्या कॉम्प्युटरकडे इंटरनेटवरून एकेक तुकडा पाठवतात. कॉम्प्युटरला दुसरं काम नसलं की तो तुकडा सोडवत बसतो, उत्तर परत पाठवतो, नवा तुकडा मागतो. जेवढं काम, तेवढे गुण. माणसांनी संघ करायचे, संघांनी एकमेकांशी स्पर्धा करायची, आणि बक्षीस काय, तर यादीत नाव. मला हे समजायला दोन दिवस लागले. फुवांना चहा निवेपर्यंत समजलं. "निंदनी शे ती," ते म्हणाले. "मोठं वावर एक बाई निंदी का? पात पाडतस. ही मन्ही पात, ही तुन्ही." पुढे त्यांनी निवडलेलं वावर होतं रक्तातल्या प्रथिनांच्या घड्या मोजण्याचं. का, ते नंतर सांगतो.

मग घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे एके काळी खरोखरच गोठा होता, कॉम्प्युटर येऊ लागले. बंद पडलेल्या सायबर कॅफेतले, टायपिंगच्या क्लासातले, कोणाच्या मुलाने मोबाइल घेतल्यावर टाकून दिलेले. फुवा ते दुरुस्त करायचे आणि प्रत्येकाला नाव द्यायचे. लाख्या, मोऱ्या, तांब्या, बाणगा. बाणगा उनाड, तासाभरात तापून बंद पडणार. मोऱ्या म्हातारा पण कामाला चोख. "मोऱ्यानी आज जड तुकडा ओढा," असं ते जेवताना सांगायचे आणि फुई कपाळाला हात लावायची. कारण मे महिन्यात, शहाद्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, घरातला एकमेव कूलर त्या खोलीत असे. पाहुणे ओसरीवर घाम पुसत बसायचे. "या घरमा माले कूलर नही, आनि त्या डबडाले शे," फुई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पण फुईही काही कमी नव्हती. पावसाळ्यात त्याच डबड्यांच्या मागून येणाऱ्या गरम वाऱ्यावर ती पापड वाळवायची, विरजण लावायची, ओल्या गोधड्या पसरायची. लाख्याच्या पाठीवरचं दही फार घट्ट लागतं असं तिचं मत होतं, आणि ते खरंही होतं.

घरचं बळ कमी पडलं तेव्हा फुवा गावात निघाले. लग्नात, बारशाला, एकदा तर दशक्रियेला. बसलेल्या माणसाच्या शेजारी टेकायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि मग हळूच, "काय रे भो, तुन्हा कॉम्प्युटर आते काय करी ऱ्हायना?"

"काही नही आप्पा. घर बंद शे, तो बी बंद शे."

"म्हंजे बसी ऱ्हायना फुकट."

ज्याला हा प्रश्न एकदा विचारला गेला त्याला रात्री झोप येत नसे. केळीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर एक कॉम्प्युटर होता, तो फक्त केळीचा भाव बघायला सकाळी पाच मिनिटं चालायचा. फुवा तिथे रोज जाऊन त्या यंत्राकडे अशा करुण नजरेने बघत बसले की व्यापारी शेवटी म्हणाला, "आप्पा, लई जाय त्याले, पन असा देखू नको." फुवांनी तो नेला नाही. तिथेच जुंपला. असे शहादा, तळोद्याचे मिळून तीसएक लोक झाले. बहुतेक शेतकरीच, ज्यांच्या घरात पोराच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर आला आणि पोरगा शिकून बाहेर गेला. संघाचं नाव फुवांनीच ठेवलं: आम्हनं आम्ही, म्हणजे आमचे आम्ही. मी म्हटलं, यात क्रांती वगैरे काही नाही. ते म्हणाले, "शे ती पुरी शे."

आणि इथे मला थोडं चिडून लिहू द्या. आमचा जिल्हा तुम्ही कधी वाचता? मागास जिल्ह्यांची यादी निघते तेव्हा. कुपोषणाची बातमी येते तेव्हा. आम्हाला आमचं नाव शोधायचं असेल तर आम्ही कुठलीही यादी तळापासून वाचायला घेतो, तेवढीच शोधाशोध वाचते. आणि ही एक यादी अशी होती की जिच्यात देशातल्या संघांमध्ये आम्हनं आम्ही वरून शोधायचं होतं. फुवांनी ती यादी छापून दारावर चिकटवली होती. ऊस तोडून परतलेली, केळीचे घड वाहून खांदे काळे झालेली माणसं त्या दारापुढे थांबायची आणि बोटाने वरून खाली यायची, आणि बोट लवकर थांबायचं. हे ज्यांना हसू येण्यासारखं वाटतं त्यांनी खुशाल हसावं. त्यांनी आयुष्यात कुठलीच यादी तळापासून वाचलेली नाही.

आमच्या एक पायरी खाली एका मोठ्या शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा संघ होता. त्यांच्या कप्तानाचा एक दिवस फोन आला. फार गोड बोलला. "काका, तुमचं काम ग्रेट आहे. पण छोटे छोटे संघ असून काय उपयोग? तुम्ही आमच्यात या ना. तुमची मशीन आमच्या नावाखाली लावा, आपण मिळून टॉपला जाऊ." आपण मिळून, पण नाव त्यांचं. मी फोन हिसकावून घेणार होतो, माझ्याकडे तीन पत्रकांचा मजकूर तयार होता. फुवांनी हाताने मला थोपवलं आणि म्हणाले, "असं करू भो. पावसाळामा ती दोन आठवडानी स्पर्धा शे ना? तीमा तुम्ही आमना वर गयात, ते आम्ही तुमनामा. नही गयात, ते परत ईचारानं नही."

पोरगा हसला, म्हणाला डन. फुवांनी शब्द दिला, आणि शब्द देताना समोर कॅलेंडर होतं त्याच्याकडे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. तारखा इंग्रजी होत्या. इंग्रजी तारखेखाली लहान अक्षरात काय लिहिलंय ते कोण वाचतं?

स्पर्धा सुरू झाली. वीज जायची, यायची. ती गेली की तुकडा जिथे थांबला तिथून पुन्हा उचलायचा, एवढी सोय त्या प्रोग्राममध्ये होती, आणि नसती तरी फुवांनी मोऱ्याला समजावून सांगितलं असतं. शेवटच्या आठवड्यात आम्ही पुढे होतो. थोडेच, पण पुढे. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तर फुवा एकेका कॉम्प्युटरचं झाकण उघडून ब्रशने पंख्यातली धूळ काढत होते, मग तुपाचं बोट फिरवल्यासारखा त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. मला वाटलं, उद्याची तयारी.

उद्याची तयारीच होती ती. सकाळी मी खोलीत पाऊल टाकलं आणि त्या खोलीत पहिल्यांदा मला माझ्या स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. सगळे बंद. प्रत्येकाच्या कपाळावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, वर फुईच्या जुन्या लुगड्याची झूल, पुढे ताटात नैवेद्य.

"फुवा, हे काय?"

"आज पोया शे."

"पोळा? स्पर्धेचा शेवटचा दिवस आहे आज! संध्याकाळी संपते!"

"माले म्हाईत शे. पन आज मानवर जू नही."

मी पुष्कळ बोललो. ही यंत्रं आहेत, लोखंड आहे, यांना मान नाही, खांदा नाही. फुवा ऐकत होते. मग म्हणाले, "सालभर मी बैल म्हनीसन राबाडं त्यासले. तवय तू नही म्हनना का लोखंड शे. आज आरामना दिन उना ते लोखंड व्हई गयं?" मी म्हटलं, बरं, तुमचे बंद ठेवा, पण बाकीचे तीस जण तर चालवतील. मी केळीच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"चालू आहे ना आज?"

"चालू? भाऊ, तू खान्देशना शे का कोठला? बंद शे. निवद बी दाखाडा. आप्पाले सांग, शिंगं नहीत म्हनीसन बेगड मन्हा पोऱ्यानी स्क्रीनलेच लायं."

दुसरा फोन, तिसरा फोन, तेच. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. फुवांनी तर कोणाजवळ शब्दही काढला नव्हता. पण वर्षभर आप्पांच्या तोंडून बैल, जू, पात ऐकून तीस घरांनी आपापल्या बुद्धीने आपापला कॉम्प्युटर पोळ्याला सोडला होता. हा संघ जगात दुसऱ्या कोणाला हरवता येणार नव्हता. आम्हीच त्याला नटवून, ओवाळून, पुरणपोळी दाखवून हरवत होतो. दुपारी मी मोबाइलवर यादी उघडली. शहरवाले वर गेले होते. आम्ही जागच्या जागी.

फुवा ओसरीवर बसून होते. रागावलेले नाहीत, घाबरलेले नाहीत. पण दारावरची छापील यादी त्यांनी काढून घडी करून खिशात ठेवली होती, ते मला दिसलं. "हारूत," ते म्हणाले. "शब्द दिधा शे, ते जाऊत त्यासनामा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "नाव चांगलं व्हतं ना रे?"

आता धडगावच्या गुरुजींबद्दल सांगायला हवं. धडगावच्या पुढे डोंगरात एका पाड्यावर शिकवणारे, स्वतः पावरा समाजाचे, तिशीतले शांत गृहस्थ. सुरुवातीला फुवा मिळेल तो तुकडा घ्यायचे; रक्ताचं वावर निवडलं ते यांच्यामुळे. बाजाराला आले असताना दारावरची यादी वाचत उभे राहिले आणि यात सिकलच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचा काही हिशेब आहे का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीला तो आजार आहे, दुखणं उठलं की ती रात्रभर सांधे धरून बसते. फुवांनी खरं ते सांगितलं, की असा हिशेब आहे, पण यातून औषध निघेलच असं कोणी म्हणत नाही. गुरुजी म्हणाले, "निघू दे, नाही निघू दे. कोणीतरी मोजतंय, एवढं तिला सांगता येईल." फुवांनी त्यांना दुरुस्त केलेले तीन लॅपटॉप दिले. पाड्यावर सौरपाटीची वीज होती, नेटवर्क मात्र नव्हतं. म्हणून गुरुजी एकदाच भरपूर तुकडे भरून न्यायचे, डोंगरात ते सोडवून घ्यायचे, आणि तयार उत्तरं पोटाशी धरून सामायिक जीपने घाट उतरायचे, शहाद्याला येऊन एकदम पाठवायचे. शास्त्रज्ञांना माहीत नसेल, पण त्यांचा काही हिशेब कोंबड्या आणि मोहाच्या पोत्यांमध्ये बसून प्रवास करून यायचा.

स्पर्धेच्या दोन आठवड्यांत गुरुजी एकदाही आले नव्हते. घाटात दरड कोसळली होती. आम्ही त्यांना मनातून वजा करून टाकलं होतं.

संध्याकाळी बैलांची मिरवणूक गल्लीत शिरली. पुढे ढोल, मागे झुली, रंगवलेली शिंगं, घुंगरं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, दोन बैलांच्या पोटांमध्ये चेपलेले, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर खताच्या गोणीत गुंडाळलेलं गाठोडं धरलेले गुरुजी. दरडीच्या अलीकडे जीप सोडली, चिखल तुडवत पलीकडे गेले, तिथून दुसरी जीप तळोद्यापर्यंत, आणि शहाद्यात शिरल्यावर पोळ्याने वाट अडवली तेव्हा सरळ पोळ्यातच सामील झाले. फुईने दारात प्रत्येक बैलाचे पाय धुतले, तसे त्या गडबडीत गुरुजींचेही धुतले.

"आप्पा, पंधरा दिवसांचं काम आहे. वेळ संपली का?"

"संपली नाही!" मी ओरडलो. "पण आज पोळा आहे!"

गुरुजींना काही कळेना. मी सांगितलं. ते गाठोडं खाली ठेवत म्हणाले, "आमच्या पाड्यात पोळा नाही. आमचे सण गाव बसून ठरवतं. हे लॅपटॉप आज सकाळपर्यंत चालू होते."

मी फुवांकडे पाहिलं. इंटरनेटचा राऊटर फुवांच्या खोलीत, माळ त्याच्याही गळ्यात. तो चालू केल्याशिवाय काही पाठवता येत नव्हतं. ढोल दारापुढून जात होता. फुवा उठले, आत गेले, राऊटरच्या गळ्यातली माळ काढून हातात धरून क्षणभर उभे राहिले. फुई मागून म्हणाली, "काय देखी ऱ्हायनात? तो काय बैल शे का?"

"नही," फुवा एकदम उजळून म्हणाले. "तो ते रस्ता शे. रस्ताले कसाना पोया?" आणि त्यांनी बटण दाबलं.

लाख्या, मोऱ्या, तांब्या, बाणगा झुली पांघरून बघत होते आणि डोंगरातून आलेले तीन लॅपटॉप एकामागून एक पंधरा दिवसांचं उत्तर सोडत होते. यादीतला आमचा आकडा हलला, पुन्हा हलला. मुदत संपली तेव्हा आम्ही वर होतो. फारसे नाही, एका ओळीने. पण वाचताना बोट आधी आमच्यावर थांबत होतं.

कप्तानाचा फोन आला. आता आवाज गोड नव्हता. "काका, दिवसभर तुमचा स्कोअर झीरो होता. शेवटच्या क्षणाला कुठला सर्व्हर लावला?"

"सर्व्हर नही भो. जीपवर उनं," फुवा म्हणाले. "घाट उतरीसन."

त्या रात्री फुईने खापरावरचे मांडे केले, गुरुजींना आग्रह करकरून वाढले आणि बहिणीसाठी वेगळे बांधून दिले. दुसऱ्या दिवशी मोऱ्या, लाख्या पुन्हा जुंपले गेले, पण ते तीन लॅपटॉप फुवांनी बंद ठेवले, त्यांना हळद लावली, माळा घातल्या. गुरुजी म्हणाले, अहो आप्पा, आमच्याकडे नसतो. फुवा म्हणाले, "तुमनाकडे नही ऱ्हाई. राबनात ते ना?"

आता त्या खोलीला कुलूप आहे. फुवांना वयामुळे कामं झेपेनात, म्हणून मुलगा त्यांना आणि फुईला सुरतेला घेऊन गेला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये. गोठा वाटून टाकला. तांब्या आणि लाख्या गुरुजींच्या पाड्यावर गेले, बाणगा केळीच्या पेढीवर तापत असतो. फुवांनी बरोबर फक्त मोऱ्याला नेलं. संघ चालू आहे. पहिल्या पानावर आम्ही आता दिसत नाही, मोठमोठ्या यंत्रांचे संघ आलेत, त्यांच्यापुढे तीस घरं काय करणार? पण नाव आहे, आणि ते आमचंच आहे, आणि ते कोणाच्या नावाखाली लावलेलं नाही. ज्याला विचारायचं असेल त्याने पुन्हा विचारून बघावं.

त्या यादीत संघाच्या नावावर बोट ठेवलं की आतली माणसं दिसतात, प्रत्येकाची एक ओळ, ओळीपुढे आकडा. फुवांचा आकडा रोज थोडा थोडा वाढतो. मोऱ्या म्हातारा झालाय, पण ओढतो. मी रोज बघतोच असं नाही. पोळ्याच्या दिवशी मात्र न चुकता बघतो. त्या दिवशी डोंगरातले आकडे, तिथे आता नेटवर्क आलंय, चाललेले असतात आणि फुवांच्या ओळीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाचीही भर पडत नाही. मग मला कळतं की सुरतेत दुसऱ्या मजल्यावर, जिथे ना बैल आहे ना वेस, तिथे एक म्हातारा कॉम्प्युटर फुईच्या लुगड्याची झूल पांघरून गप्प बसलाय, आणि त्याच्या शेजारी फुवा बसलेत. मी फोन करत नाही. आज आरामाचा दिवस आहे.